खटका नसलेला चाकू

लाल मुठीचा, घडी होणारा स्विस चाकू बहुतेकांनी पाहिलेला असतो, आणि अनेक घरांत परदेशातून आलेली भेट म्हणून तो एखाद्या खणात पडलेलाही असतो. त्याला कोठेही बटण नसते, कुलूप नसते, पाते उघडे ठेवणारी आकडीही नसते. तरीही खिशात तो आपोआप उघडत नाही आणि सफरचंद सोलताना अचानक मिटतही नाही. नखाने पाते ओढू लागले की ते आधी विरोध करते, आणि एका विशिष्ट कोनापुढे गेले की हात न लावताच उरलेले अंतर कापून ‘टक्’ असा आवाज करत जागेवर बसते. हिंदी चित्रपटांनी प्रसिद्ध केलेल्या रामपुरी चाकूत अशा प्रश्नाला जागा नाही, कारण त्यात पाते अडवून धरणारा खटका उघड दिसतो. खटकाच नसलेल्या चाकूत मात्र पाते कोण धरून ठेवते, हे समजण्यासाठी त्याच्या सांध्याच्या आत पाहावे लागते.

या रचनेच्या चाकूला स्लिपजॉइंट म्हणतात. इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स व जर्मनी येथे असे चाकू जमवणारा, दुरुस्त करणारा आणि रोजच्या वापरात ठेवणारा मोठा छांदिष्टवर्ग आहे. नवखा माणूस या छंदात शिरतो तेव्हा त्याचे लक्ष साहजिकच पात्याकडे आणि मुठीच्या रंगाकडे जाते. मुरलेला माणूस मात्र चाकू हातात येताच तो एकदा उघडतो, एकदा मिटतो आणि कान देऊन ऐकतो, कारण या वस्तूचे सारे कसब पात्यात नसून सांध्यात असते.

तीन तुकड्यांचा सांधा

सांध्यात तीनच गोष्टी असतात. पहिली म्हणजे पात्याचा मुठीत राहणारा, धार नसलेला जाड भाग. त्याला टँग म्हणतात. दुसरी म्हणजे टँगमधून आरपार जाणारी खीळ, जिच्याभोवती पाते फिरते. तिसरी म्हणजे मुठीच्या पाठीवरून लांबीभर गेलेली पोलादी पट्टी, म्हणजेच स्प्रिंग. एका पात्याच्या साध्या चाकूत ही पट्टी मुठीच्या मागच्या टोकाला एका खिळीने आणि मध्यावर दुसऱ्या खिळीने जखडलेली असते, त्यामुळे तिचे पुढचे टोक तेवढे मोकळे राहते आणि ते सतत टँगवर दाबलेले असते. या तिघांना सांभाळणारी मूठ म्हणजे दोन्ही बाजूंचे पातळ धातूचे पत्रे (हे लायनर, बहुधा पितळेचे), त्यांवर बसवलेले हाड, लाकूड किंवा शिंग, आणि टोकांना भक्कमपणासाठी जोडलेले धातूचे जाड तुकडे, ज्यांना बोल्स्टर म्हणतात.

सगळी करामत टँगच्या आकारात आहे. टँग गोल असता तर पाते कोणत्याही कोनात सारख्याच सैलपणे फिरले असते. म्हणून कारागीर त्याला सपाट बाजू देतो. चाकू पूर्ण उघडा असताना टँगची एक सपाट बाजू स्प्रिंगच्या सपाट टोकाखाली चपखल बसते. पाते मिटवायचे तर टँग फिरला पाहिजे, आणि तो फिरू लागला की त्याचा कोपरा स्प्रिंगखाली येऊन तिला वर उचलू लागतो. स्प्रिंग वाकायला राजी नसते. कोपरा खिळीच्या नेमक्या वर येईपर्यंत तिचा दाब टँगला पूर्वीच्या जागी परत लोटतो, आणि कोपऱ्याने तो बिंदू ओलांडला की तोच दाब दिशा बदलून टँगला पुढच्या सपाट बाजूकडे ढकलतो. चष्म्याच्या कडक डबीचे झाकण अर्ध्यापर्यंत उघडून सोडले तर ते परत मिटते आणि अर्ध्यापुढे नेले तर स्वतःच सताड उघडते, त्यामागचे तत्त्व हेच आहे. सपाट बाजू स्प्रिंगवर आदळते त्या क्षणी ‘टक्’ होते. पाते किती सफाईने फिरते आणि बसताना किती स्पष्ट वाजते, या दोहोंना मिळून छांदिष्ट ‘वॉक अँड टॉक’ म्हणतात.

काही चाकूंत उघडी आणि मिटलेली या दोन अवस्थांच्या मध्ये, मुठीशी काटकोनात, पाते आणखी एकदा थांबते. त्यासाठी टँगच्या मागच्या टोकालाही एक सपाट बाजू कापलेली असते आणि या थांब्याला हाफ स्टॉप म्हणतात. तो नसलेल्या चाकूत टँगचे मागचे टोक गोलसर घासलेले असते, त्यामुळे पाते एकाच ओघात फिरते. हाफ स्टॉप हवा की नको, यावर छांदिष्टांत कधीही न मिटणारा वाद आहे. पण नवख्याने तो असलेला चाकू घ्यावा हे बरे, कारण मिटवताना हात निसटला तरी पाते एकदम बोटांवर न येता काटकोनात अडते.

टँगच्या धारेकडील बाजूस एक छोटा उंचवटा असतो. मिटलेल्या चाकूत पात्याची धार स्प्रिंगकडे वळलेली असते, आणि हा उंचवटा स्प्रिंगवर टेकल्यामुळे धार तिच्यापासून केसभर दूर राहते. त्याला किक म्हणतात. तो दिसण्यात क्षुल्लक असला तरी तो नसेल तर चाकू मिटताच धार स्प्रिंगवर आपटून बोथट होईल.

पाठ एका पातळीत का हवी

उत्तम चाकूची सर्वात कठीण कसोटी पाठीवरून बोट फिरवून घेतली जाते. चाकू उघडा असताना, काटकोनात असताना आणि मिटलेला असताना, अशा तिन्ही अवस्थांत स्प्रिंगची पाठ लायनरच्या कडांशी तंतोतंत एका पातळीत यावी लागते. ती एका पातळीत येण्यासाठी टँगच्या तिन्ही सपाट बाजू खिळीच्या मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर असाव्या लागतात. त्यांतील एक बाजू किंचित अधिक घासली गेली तर त्या अवस्थेत स्प्रिंग खाली बसते. कमी घासली गेली तर ती मुठीबाहेर डोकावते आणि बोटाला कड लागते. ही घासणी कारागीर जोडणी करून, पाहून, पुन्हा सुटे करून, पुन्हा घासून करतो. मूठ कितीही झगमगीत असली तरी हा हिशेब चुकलेला चाकू बोटाला लगेच कळतो, म्हणूनच केवळ छायाचित्र पाहून जुना चाकू विकत घेणे हा तोट्याचा व्यवहार ठरू शकतो.

स्प्रिंगच्या पोलादाचीही गंमत आहे. पाते कठीण हवे, कारण धार टिकायला हवी. स्प्रिंग त्यामानाने मऊ आणि चिवट हवी, कारण तिला हजारो वेळा वाकून परत सरळ व्हायचे असते. दोन्ही पोलादांना तापवून, विझवून पाणी दिले जाते, पण त्यानंतर स्प्रिंग पुन्हा अधिक उष्णतेवर तापवून तिचा ठिसूळपणा काढून टाकावा लागतो. हे प्रमाण बिघडले तर स्प्रिंग एक तर तडकते किंवा वाकलेलीच राहते.

कापताना सुरक्षित, भोसकताना धोक्याचा

कुलूप नसलेला चाकू सुरक्षित कसा, ही शंका रास्त आहे. पात्याने एखादी वस्तू कापताना वस्तूचा विरोध धारेवर, म्हणजे पात्याच्या पाठीच्या दिशेने, येतो. ही दिशा पाते अधिक उघडण्याची आहे. तिकडे स्प्रिंगचे टोक टँगच्या खाचेला भिडलेले असल्याने पाते पुढे जाऊच शकत नाही. म्हणजे जितक्या जोराने कापावे तितके पाते जागेवर घट्ट बसते. उलट, टोक कशात तरी खुपसले किंवा पात्याच्या पाठीवर अंगठ्याने जोर दिला की विरोध मिटण्याच्या दिशेने येतो, आणि तेथे अडवायला केवळ स्प्रिंगचा दाब असतो. म्हणून या चाकूने कापावे, सोलावे, तासावे. भोक पाडू नये आणि काही उचकटू नये. मिटवताना पात्याची पाठ तळव्याने ढकलावी आणि मूठ धरलेली बोटे फटीबाहेर ठेवावीत.

शेफिल्डच्या भाड्याच्या खोल्या

घडीचा चाकू फार जुना आहे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमाराचा, हाडाच्या मुठीचा नमुना सापडला आहे. मात्र अशा जुन्या चाकूंत पाते केवळ घर्षणाने जागेवर राहत असे. पाठीची स्प्रिंग रूढ झाल्यावर खिशातला चाकू भरवशाचा झाला, आणि त्या कामात इंग्लंडमधील शेफिल्ड शहराने दीर्घकाळ आघाडी राखली. डोंगरउतारावरून वेगाने वाहणाऱ्या लहान नद्यांवर पाणचक्क्या चालत, धार लावण्याचे वालुकाश्मी दगड जवळच मिळत, आणि १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद करण्याची पद्धत काढल्यावर उत्तम कच्चा मालही तेथेच होऊ लागला. चाकू-सुऱ्या करणाऱ्यांची संघटना तेथे १६२४ मध्येच कायद्याने स्थापन झाली होती आणि कारागिरांच्या चिन्हांची नोंद ती ठेवत असे.

शेफिल्डचे काम एका छताखाली होत नसे. ‘लिट्ल मेस्टर’ म्हणून ओळखले जाणारे स्वतंत्र कारागीर इमारतींतील खोल्या भाड्याने घेत. एक जण पाती घडवी, दुसरा दगडावर घासून धार काढी, तिसरा जोडणी करी. चकचकीत चाकूंची किंमत घासणाऱ्यांनी मोजली, कारण दगडाची धूळ फुप्फुसांत साठून त्यांपैकी अनेक जण ऐन तारुण्यात दगावत. याच शहरातील जोसेफ रॉजर्स या पेढीने १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी ७५ पात्यांचा ‘नॉरफोक नाइफ’ केला. तो खिशात मावण्याचा प्रश्नच नव्हता, पण सांध्याच्या कौशल्याची ती जाहिरात होती. या परंपरेतील एक विख्यात कारागीर स्टॅन शॉ यांचे २०२१ मध्ये निधन झाले.

शेफिल्डची विद्या स्थलांतरित कारागिरांबरोबर अमेरिकेत गेली आणि न्यूयॉर्क व पेनसिल्व्हेनिया राज्यांत स्थिरावली. पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्ड येथील केस ही कंपनी आपला वारसा १८८९ पासून मोजते. त्याच राज्यातील टायटसव्हिल येथे २००६ मध्ये ग्रेट ईस्टर्न कटलरी सुरू झाली आणि तिने जुन्या पद्धतीचे चाकू पुन्हा बाजारात आणले. स्वित्झर्लंडची वाट थोडी वेगळी आहे. इबाख येथील कार्ल एल्सनर यांनी १८९७ मध्ये नोंदवलेल्या अधिकारी चाकूत दोनच स्प्रिंगांवर सहा अवजारे बसवली होती, कारण प्रत्येक स्प्रिंगच्या दोन्ही बाजूंचा त्यांनी उपयोग करून घेतला. खणात पडलेला लाल चाकू याच कल्पनेचा वंशज आहे.

घाट आणि त्यांची कामे

या चाकूंचे घाट ठरलेले आहेत, आणि प्रत्येक घाटामागे कोणाचे तरी काम आहे. बार्लो या घाटात पुढचा बोल्स्टर नेहमीपेक्षा बराच लांब असतो, कारण स्वस्त चाकूतही सांध्याला बळकटी हवी होती. मार्क ट्वेनच्या १८७६ च्या ‘टॉम सॉयर’ या कादंबरीत टॉमला पाठांतराबद्दल मिळालेला चाकू हाच. स्टॉकमन हा गुराख्यांचा चाकू. त्यात सहसा तीन पाती असतात: टोकदार मोठे पाते सर्व कामांसाठी, सरळ धारेचे आणि बोथट टोकाचे पाते नेमक्या कापणीसाठी, आणि गोलसर टोकाचे स्पे नावाचे पाते वासरे खच्ची करण्यासाठी, कारण तेथे टोक चुकून खुपसले जाणे परवडणारे नसते. ट्रॅपरमध्ये दोन लांब पाती एकाच टोकाला शेजारी शेजारी असतात. पेन नाइफचे चिमुकले पाते पिसांच्या लेखण्या तासण्यासाठी जन्मले, आणि पिसे गेली तरी टिकून राहिले. शेफिल्डच्या लँब्सफूटची धार पूर्ण सरळ असते. दगडावर ती पाजवणे सर्वांत सोपे असल्याने शिकाऊ माणसाला या घाटाइतका दुसरा चांगला गुरू नाही.

केसच्या पात्यावरील आकडेही वाचता येतात. ६२५४ या क्रमांकातील ६ हा अंक मुठीचे साहित्य, म्हणजे खाचा पाडलेले हाड, दाखवतो, २ हा पात्यांची संख्या आणि ५४ हा घाट, म्हणजे येथे ट्रॅपर. १९७० मध्ये या कंपनीने टँगवरील शिक्क्याखाली दहा ठिपके देण्यास सुरुवात केली आणि दर वर्षी एक ठिपका कमी केला, त्यामुळे त्या दशकातील चाकूचे वर्ष ठिपके मोजून सांगता येते. शिक्का टँगवर असल्याने जुन्या मालाची पारख करणारा पुन्हा सांध्यापाशीच येऊन थांबतो.

चौकट : पहिला चाकू हाती घेताना
चाकू उजेडासमोर धरून स्प्रिंग आणि लायनर यांमधून प्रकाश डोकावतो का, ते पाहावे. पाते उघडून टोक चिमटीत धरावे व डावी-उजवीकडे हलवावे. ते लटपटत असेल तर खीळ सैल आहे. पाठीवरून बोट तिन्ही अवस्थांत फिरवावे. मिटलेल्या पात्याचे टोक मुठीबाहेर राहता कामा नये, नाहीतर खिसा फाटेल. ज्याचे पाते ओढताना नख दुखते असा अतिताठ स्प्रिंगचा चाकू पहिला म्हणून घेऊ नये. एक पाते पुरेसे आहे.

पोलाद, हाड आणि सांबराचे शिंग

पोलादाचे दोन पंथ आहेत. पारंपरिक चाकूत साधे कार्बन पोलाद असते. ग्रेट ईस्टर्न वापरते त्या १०९५ या प्रकारात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. ते चटकन धार घेते, पण कैरी किंवा लिंबू कापले की काळसर-निळसर होते. हा थर गंज नव्हे. तो जमू दिल्यास लाल गंजाला काही प्रमाणात अटकावच होतो, आणि छांदिष्ट तो कौतुकाने मिरवतात. लाल, खरखरीत डाग मात्र लगेच काढावा. दुसरा पंथ स्टेनलेसचा. हॅरी ब्रेअर्ली याने १९१३ मध्ये शेफिल्डमध्येच त्याचा शोध लावला. त्यात क्रोमियम १० टक्क्यांहून अधिक असते आणि ते पृष्ठभागावर अदृश्य संरक्षक थर धरते. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत राहणाऱ्या आणि चाकू पुसण्याचा कंटाळा असणाऱ्याने स्टेनलेसच घ्यावे; त्यात कमीपणा काही नाही.

मुठीच्या साहित्यात भारताचा एक जवळचा संबंध आहे. इंग्रज व अमेरिकी कारखान्यांत सर्वांत मानाची मूठ सांबराच्या शिंगाची असे, आणि ते शिंग प्रामुख्याने भारतातून जाई, कारण आपल्या सांबराचे शिंग आतून भरीव असते व वरची खडबडीत साल पकडीस उत्तम असते. गुरांच्या नडगीच्या हाडावर यंत्राने खाचा पाडून, रंगवून जी मूठ करतात, ती मुळात या शिंगाचीच नक्कल होती. भारतातून शिंगांची निर्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस थांबली, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार येथे सांबरशिंगाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. त्यामुळे भारतातील छांदिष्टाने शिंगाच्या मुठीचा मोह सोडून हाड, लाकूड किंवा कृत्रिम साहित्य निवडावे. जुन्या चाकूंच्या रंगीबेरंगी सेल्युलॉइड मुठींचे दुखणे वेगळे आहे: कालांतराने सेल्युलॉइड विघटित होऊन आम्लयुक्त वायू सोडते आणि शेजारी ठेवलेल्या चांगल्या चाकूंची पातीही गंजवते. असा नमुना संग्रहात वेगळा, हवा खेळेल असा ठेवावा.

खिशात घेऊन फिरताना

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांसाठी स्लिपजॉइंटला कायद्यानेही महत्त्व आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्यानुसार घडीचा, ३ इंचांपर्यंत धार असलेला चाकू कारण न सांगता बाळगता येतो. न्यायालयांनी या सवलतीतून कुलूपबंद पात्याचे चाकू वगळले आहेत, त्यामुळे पाते मिटायला खटका दाबावा लागतो की नाही, यावर सर्व अवलंबून राहते. भारतात शस्त्र नियमांतील परवान्याची अट ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांविषयी आहे आणि खिशातला छोटा चाकू त्यात बसत नाही. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण-निवडणुकांच्या काळात निघणाऱ्या मनाई आदेशांत सुऱ्यांचा उल्लेख असतो, म्हणून त्या दिवसांत चाकू घरी ठेवणेच शहाणपणाचे. विमानाच्या केबिनमध्ये तो नेता येत नाही.

तेल, दगड आणि कानस

सांध्याचा खरा शत्रू खिशातला कचरा आहे. कापडाचे तंतू आणि धूळ तेलात मिसळून टँग व स्प्रिंग यांमध्ये बसतात आणि प्रत्येक उघडझाकीला दोन्ही पृष्ठभाग घासतात. म्हणून महिन्यातून एकदा चाकू उघडून सांधा कोमट साबणपाण्यात हलवावा, पूर्ण वाळवावा आणि खिळीपाशी खाद्य दर्जाच्या मिनरल ऑइलचा एक थेंब सोडून पाते काही वेळा फिरवावे. काळे तेल बाहेर येईल ते पुसून टाकावे, आणि ते स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा करावे. गोडेतेल वापरू नये. ते कालांतराने चिकट होऊन सांधा जड करते. हाडाची मूठ मात्र पाण्यात भिजत ठेवू नये.

पाजवण्यासाठी मध्यम व बारीक अशा दोन पोतांचा दगड पुरतो. पाते दगडाशी १५ ते २० अंशांच्या कोनात धरून, तो कोन न बदलता, दोन्ही बाजूंनी सारखे फिरवावे. कोन स्थिर ठेवणे हेच सारे कौशल्य आहे, आणि दाब जितका कमी तितका चांगला. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाते पाठीच्या दिशेने ओढले की धारेवरची लव निघून जाते.

वर्षानुवर्षे पाजवल्याने पाते अरुंद होत जाते आणि त्याच्या आकारात बदल होतो. काही चाकूंत मिटल्यावर टोक मुठीबाहेर किंचित डोकावू लागते, आणि मग किकचा उंचवटा बारीक कानशीने एक-दोन हात घासून पाते मुठीत थोडे अधिक खाली बसवावे लागते. दर घासणीनंतर चाकू मिटवून पाहावा, कारण किक गरजेपेक्षा जास्त घासली गेली तर धार स्प्रिंगवर आपटू लागते, आणि घासलेले पोलाद परत लावता येत नाही.